विमान नंतर, क्लब आधी: गोव्यात आरसी विमान उडवायला शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझे पहिले आरसी, म्हणजे रेडिओ-नियंत्रित, विमान जेमतेम चार सेकंद हवेत राहिले. फोंड्याजवळच्या एका गावात, भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतात, डिसेंबरच्या एका सकाळी मी ते हातातून सोडले. ते उजवीकडे कलू लागले म्हणून मी हातातल्या ट्रान्समीटरची, म्हणजे विमान चालवायच्या रेडिओ-पेटीची, स्टिक डावीकडे नेली. ते आणखी उजवीकडे कलले म्हणून स्टिक आणखी दाबली. आणि पंखाचे टोक मेरेला लागून ते उलटे पडले. वारा नव्हता, मोटर जोरात फिरत होती, बॅटरी पूर्ण भरलेली होती. दोन आठवड्यांनी तेच विमान गोंदाने जोडून मी एका क्लबच्या मैदानावर नेले, तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ते टेबलावर ठेवून ट्रान्समीटरची स्टिक एकदाच उजवीकडे केली आणि ते म्हणाले, "तुझे एलेरॉन उलटे आहेत." स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, वर उठायला हवी, माझी खाली जात होती. ट्रान्समीटरच्या मेनूमधली एक निवड बदलली आणि दोष गेला. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नाही.

त्यानंतर नवशिक्यांची अनेक विमाने पडताना मी पाहिली, आणि त्यांतली बहुतेक अशाच एखाद्या कारणाने पडली, जे शेजारी जाणता माणूस उभा असता तर विमान जमिनीवर असतानाच त्याच्या लक्षात आले असते. म्हणून ज्यांना आरसी विमान उडवायला शिकायचे आहे त्यांना माझे पहिले सांगणे असे की विमान नंतर घ्यावे, आधी क्लब शोधावा. गोव्यात याला आणखी एक कारण आहे. एवढ्याशा राज्यात दोन मोठे विमानतळ आहेत, उरलेल्या भागात माड, वीजवाहिन्या आणि वस्ती दाट आहे, आणि विमान निर्धास्तपणे उतरवता येईल अशी सपाट, मोकळी व कायदेशीर जागा एकट्या माणसाला सहसा सापडत नाही.

पहिली पायरी: रिकाम्या हाताने मैदानावर जावे

क्लब म्हटले की कार्यालय, फलक आणि पावतीपुस्तक डोळ्यांसमोर येते, पण पुष्कळ ठिकाणी तो रविवारी सकाळी एकत्र येणारा दहा-पंधरा जणांचा गट असतो आणि त्याचा पत्ता तोंडी चौकशीनेच लागतो. ड्रोनचे व आरसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला विचारावे, कारण बॅटऱ्या आणि पंखे (प्रोपेलर) नेणारे लोक कोण हे त्याला ठाऊक असते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्पर्धेसाठी विमाने बांधणारे विद्यार्थी असतात, त्यांना विचारावे. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे आणि वायू सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. त्यामुळे हवाई विभागाचे माजी छात्र ओळखीत असतील तर त्यांच्याकडून हमखास धागा मिळतो.

पत्ता लागल्यावर निदान दोन रविवार विमान न घेता जावे आणि नुसते पाहावे. कोण किती गिरक्या मारतो याकडे लक्ष देण्यापेक्षा उडवणारे कुठे उभे राहतात ते पाहावे. चांगल्या मैदानावर सगळे वैमानिक एका रेषेत उभे असतात, विमाने त्या रेषेच्या पुढेच राहतात, आणि मागे ठेवलेल्या मोटारी, मुले व बसलेली माणसे यांच्या डोक्यावरून कोणीही विमान नेत नाही. उतरवण्याआधी वैमानिक मोठ्याने "लँडिंग" असे ओरडतो आणि बाकीचे वाट मोकळी करतात. विमान पडले तर ते आणायला कोणीही थेट धावत नाही. इतर वैमानिकांना सांगून, हवेतल्या विमानांवर नजर ठेवून मगच माणूस पुढे जातो. या तीन गोष्टी दिसल्या तर तो क्लब शिकण्याजोगा आहे असे समजावे. कसरती डोळे दिपवणाऱ्या असतील, पण लोक गाड्यांवरून विमाने फिरवत असतील, तर तिथे शिकायला जाऊ नये. वाईट सवय पहिल्या महिन्यात लागली की सुटायला वर्षे जातात.

त्याच दोन भेटींत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. नवशिक्यांना शिकवण्याची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे? शिकवताना दोन ट्रान्समीटर जोडण्याची सोय आहे का? बहुतेक सभासद कोणत्या मोडवर, म्हणजे स्टिकांच्या कोणत्या मांडणीवर, उडवतात? जागेची परवानगी कोणाची आहे आणि ती लेखी आहे का? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण जबाबदार गटाला त्याचे उत्तर देताना अडचण येत नाही.

जागेचा प्रश्न

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम मानवरहित विमानांना लागू होतात, आणि आरसी विमानही मानवरहितच असते. त्यात वजनानुसार वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, आणि त्यावर मध्यम व मोठे. शिकण्याची बहुतेक विमाने मायक्रो वर्गात बसतात. नॅनो वगळता इतरांना तृतीय पक्ष विम्याची तरतूद आहे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग केलेले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, हवाई परवानगी लागत नाही. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा असतो, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक असते.

आता हे गोव्याच्या नकाशावर मांडून पाहावे. दाबोळीचा विमानतळ हा मुळात नौदलाचा हवाई तळ आहे. तिथूनच प्रवासी विमाने ये-जा करतात आणि लढाऊ विमानेही. वास्को, चिखली, बोगमाळो या भागांत छंदासाठी विमान उडवण्याचा विचारही करू नये. उत्तरेला मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे पेडणे तालुक्यातल्या पठारांवरही हीच मर्यादा आली. त्यामुळे सोयीची जागा फोंडा, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे अशा आतल्या तालुक्यांत शोधावी लागते, आणि तिथेही म्हादई, मोले, नेत्रावळी यांसारख्या अभयारण्यांची हद्द टाळावी लागते. डिजिटल स्काय या सरकारी मंचावरील नकाशात आपली नेमकी जागा कोणत्या रंगात येते हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. मात्र नकाशा हिरवा दिसला म्हणून जमीन आपली होत नाही. शेत एखाद्या भाटकाराचे असते, सडा (कातळाचे पठार) कोमुनिदादचा, म्हणजे गावाच्या सामायिक जमीनसंस्थेचा, असतो, मैदान पंचायतीचे असते, आणि गुरे चारायला येणाऱ्या माणसाचाही त्या जागेवर वर्षानुवर्षांचा वावर असतो. या सगळ्यांशी बोलून, गवत कापून, कचरा उचलून आणि जत्रेच्या व लग्नाच्या दिवशी न उडवण्याचा शब्द पाळून मिळवलेला विश्वास क्लबकडे असतो. नवा माणूस सभासद होतो तेव्हा वर्गणीच्या बदल्यात त्याला मुख्यतः हा विश्वास मिळतो.

समुद्रकिनाऱ्याचा मोह पुष्कळांना होतो, म्हणून तेवढे स्पष्ट लिहितो. किनारा मोकळा दिसला तरी तिथे माणसे असतात, बारीक रेती मोटरच्या बेअरिंगमध्ये जाते, खारे पाणी लागलेला रिसीव्हर (विमानातला संदेश घेणारा भाग) पुन्हा भरवशाचा राहत नाही, आणि वारा थांबत नाही. शिकण्यासाठी ती जागा नाही.

खरेदी

इथे क्लबमुळे प्रत्यक्ष पैसे वाचतात. एकट्याने खरेदी करणारा नवशिका बहुधा दिसायला देखणे, खालच्या पंखाचे, लढाऊ विमानासारखे मॉडेल घेतो आणि ते पहिल्याच वळणात जमिनीत रुतवतो. शिकण्यासाठी पंख धडाच्या वर असलेले, पंखांची टोके किंचित वर उचललेली, सव्वा मीटरच्या आसपास पंखविस्ताराचे फोमचे ट्रेनर विमान घ्यावे. पंख वर असला की स्टिक सोडल्यावर विमान बरेचसे आपणहून सरळ होते; उचललेली टोकेही हेच काम करतात. फोम यासाठी की तो फाटला तर मैदानावरच चिकटवता येतो. बाल्सा लाकडाचे विमान अधिक सुंदर उडते, परंतु ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

ट्रान्समीटर मात्र क्लबला विचारल्याशिवाय घेऊच नये. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (शेपटाची उभी पट्टी) असतात, उजवीवर एलेरॉन आणि एलिव्हेटर (शेपटाची आडवी पट्टी). मोड १ मध्ये थ्रॉटल उजव्या हाताकडे जाते आणि एलिव्हेटर डावीकडे. दोन्हींनी तितकेच चांगले उडवता येते, पण शिकवणारा एका मोडचा आणि शिकणारा दुसऱ्या मोडचा असला तर अडचणीच्या क्षणी त्याला तुमचा ट्रान्समीटर हातात घेता येत नाही. दोन ट्रान्समीटर केबलने किंवा बिनतारी जोडायचे असतील तर ते एकमेकांशी जुळणारे लागतात. मैदानावर ज्या कंपनीचे ट्रान्समीटर जास्त दिसतात तेच घेणे शहाणपणाचे, आणि चार चॅनेलवर (एकेका नियंत्रणाला एक) काम भागत असले तरी सहा चॅनेलचा घ्यावा, कारण ट्रान्समीटर पुढची अनेक वर्षे टिकतो.

फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारने ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि सुटे भाग त्यातून वगळले. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून अख्खे विमान मागवण्याआधी जुन्या सभासदांना विचारून घ्यावे. काय येते, काय अडकते आणि कोणता देशी विक्रेता वस्तू परत घेतो हे त्यांना अनुभवाने माहीत असते. माझा सल्ला विचाराल तर पहिले विमान मैदानावरच कोणाकडून तरी जुने घ्यावे. त्याच्या पंखावर डागडुजीच्या खुणा असतील, पण ते सरळ उडते हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल.

बॅटरी

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबाबत निष्काळजीपणा केल्याने आगी लागतात, म्हणून हा धडा विमानाला हात लावण्याआधी घ्यावा. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, उडवून झाल्यावर तो ३.५ च्या खाली गेलेला नसावा, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवावी. २२०० एमएएच क्षमतेची बॅटरी २.२ ॲम्पियरने, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फरशीवर किंवा चिऱ्यावर ठेवून, पडदे आणि कागद दूर करून, स्वतः घरात जागे असताना चार्ज करावी. फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारीत बॅटरी ठेवून जेवायला जाऊ नये, कारण उन्हात उभ्या गाडीच्या आत जी उष्णता साठते ती लिपोला सोसत नाही.

टेबलावरची तपासणी

क्लबमध्ये मी ज्यांच्याकडे शिकलो ते काका बॅटरी जोडताना विमानाचे शेपूट दोन गुडघ्यांमध्ये धरत, धड डाव्या हाताने दाबून ठेवत, आणि उजवा हात नेहमी पंख्याच्या मागूनच नेत. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत त्यांनी बोट, बाही किंवा चेहरा आणलेला मी कधी पाहिला नाही. आठ इंचांचा प्लास्टिकचा पंखा बोटाचे काय करू शकतो हे त्यांनी मला सांगितले नाही. त्यांची ही पद्धत पाहूनच ते मला समजले.

तपासणीचा क्रम असा. गुरुत्वमध्य पाहण्यासाठी दोन बोटांची टोके पंखाखाली, पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक-तृतीयांश रुंदीवर, माहितीपत्रकात दिलेल्या खुणेशी ठेवावीत. विमान समतोल किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. शेपटाकडे झुकत असेल तर बॅटरी पुढे सरकवावी, कारण शेपटाला जड विमान नवशिक्याच्या हातात सावरत नाही. मग आधी ट्रान्समीटर सुरू करावा, थ्रॉटल शून्यावर आहे हे पाहावे आणि त्यानंतरच विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना उलट, आधी विमान, मग ट्रान्समीटर. यानंतर विमानाच्या मागे उभे राहून प्रत्येक स्टिक हलवावी: उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावीकडे नेली की डावा वर, एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटाची पट्टी वर, रडर उजवीकडे दाबला की त्याची मागची कड उजवीकडे. बिजागऱ्या आणि सर्वोचे (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) दांडे बोटाने हलवून पाहावेत, पंखाचे रबरबँड किंवा स्क्रू तपासावेत. ट्रान्समीटरमध्ये रेंज तपासण्याची सोय असते. ती चालू करून तीसेक पावले दूर जाऊन पट्ट्या अडखळत नाहीत ना, हे सोबत्याला पाहायला सांगावे. शेवटी विमान घट्ट धरून ट्रान्समीटर क्षणभर बंद करावा आणि मोटर थांबते याची खात्री करावी. ही फेलसेफची चाचणी पुष्कळ जण टाळतात. संपर्क तुटलेले विमान मोटर चालू ठेवून वस्तीकडे गेले तर काय होईल याची कल्पना केली की ती टाळण्याचे धाडस होत नाही.

आता वापरात असलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरमुळे एक जुना धोका मात्र उरलेला नाही. पूर्वी प्रत्येकाला ठरावीक रेडिओ लहरींचा चॅनेल असे, आणि दोघांनी एकाच चॅनेलवर ट्रान्समीटर सुरू केला की एकाचे विमान जाई. म्हणून मैदानावर फळी असे आणि ज्याच्याकडे चॅनेलचा चिमटा त्यानेच उडवायचे, असा दंडक असे.

दोन ट्रान्समीटर, एक विमान

क्लबमध्ये शिकण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. याला बडी बॉक्स म्हणतात. शिकवणारा स्वतःच्या ट्रान्समीटरवर विमान उडवून सुरक्षित उंचीवर नेतो आणि एक कळ दाबून धरतो. ती दाबलेली असेपर्यंत विमान शिकणाऱ्याच्या ट्रान्समीटरचे ऐकते, आणि ती सोडताच त्या क्षणी पुन्हा शिकवणाऱ्याचे. नवशिक्याची चूक आणि विमानाचे पडणे यांच्यामध्ये जे दोन सेकंद असतात ते या कळीमुळे शिकण्यासाठी वापरता येतात.

माझा पहिला धडा मला अजून तपशीलवार आठवतो. काकांनी विमान दोन-तीन माड एकावर एक ठेवावेत एवढ्या उंचीवर नेले, मोटर अर्ध्यावर आणली आणि म्हणाले, "घे. काही करू नकोस, फक्त बघ." विमान सरळ गेले. "आता उजवीकडे जरासे, आणि लगेच मध्ये." मी स्टिक नेली आणि धरून ठेवली. विमान कलत गेले, नाक खाली झाले, आवाज वाढला. "सोडतो," असे ते म्हणाले, आणि विमान लगेच सरळ झाले. "एलेरॉन विमानाला कलवतो, वळवतो तो कललेला पंख. कलले की स्टिक मध्ये आण आणि एलिव्हेटर थोडा ओढ." तीन-चार वेळा तसेच झाले. पाचव्या वेळी विमान नाक न पाडता पूर्ण वळले, आणि माझा हात थरथरत असल्याचे मला त्यानंतर लक्षात आले.

पहिल्या काही रविवारी खरी अडचण दिशेची असते. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचा उजवा तो आपला उजवा. ते आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे दिसते आणि हात बरोबर उलट्या बाजूला जातो. यावर काकांनी मला सांगितलेला उपाय मी आजही नव्या मुलांना सांगतो: विमान समोरून येत असेल तेव्हा जो पंख खाली गेलेला दिसतो त्याच्याखाली टेकू लावावा तशी स्टिक त्याच बाजूला न्यावी. पंख उचलला जातो. विचार करायला वेळ नसतो तेव्हा हा टेकू उपयोगी पडतो, आणि महिनाभरात त्याची गरजही उरत नाही.

धड्यांचा क्रम साधारणपणे असा ठेवावा: आधी दोन्ही दिशांना वळणे, मग आठच्या आकड्याची वाट, मग मैदानाभोवती चौकोनी फेरा. बहुतेकांना एका बाजूची वळणे सोपी जातात आणि ते नकळत तेवढीच घेत राहतात; शिकवणाऱ्याने अवघड बाजूचीच वळणे मुद्दाम जास्त करून घ्यावीत. नंतर उंचावर स्टॉल दाखवून घ्यावा. मोटर कमी करून एलिव्हेटर ओढत राहिले की विमान मंदावते, पंखाला हवा धरता येत नाही आणि नाक एकदम खाली पडते; तेव्हा ओढणे सोडून वेग येऊ द्यायचा असतो. जमिनीजवळ घाबरून एलिव्हेटर ओढल्यामुळे जी विमाने पडतात त्यांचे कारण हेच असते, आणि ते उंचावर दहा वेळा अनुभवलेले असले की खाली हात आवरतो.

दरम्यान घरी संगणकावर सिम्युलेटर वापरावा. काही सिम्युलेटर फुकट मिळतात आणि पुष्कळ ट्रान्समीटर केबलने त्यांना जोडता येतात. रोजची वीस मिनिटे पुरतात. सिम्युलेटरमध्ये वारा अंगाला लागत नाही आणि विमान मोडल्याचे दुःख होत नाही, म्हणून त्यावर पक्के झालेले मैदानावर अर्धेच पक्के असते असे धरावे. पण डाव्या-उजव्याचा गोंधळ त्यात नक्की कमी होतो.

वारा आणि उतरणे

गोव्यात वाऱ्याचे वेळापत्रक ओळखले की शिकणे सोपे होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटेनंतरचे दोन-तीन तास हवा शांत असते. दिवस तापला की समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि दुपारी सड्यावर उभे राहिले तर टोपी उडते. नवशिक्याने सूर्योदयापासून नऊपर्यंत उडवावे. आतल्या तालुक्यांत हिवाळ्याच्या सकाळी धुके असेल तर ते पूर्ण वितळेपर्यंत थांबावे, कारण पन्नास मीटरवरचे पांढरे विमान धुक्यात कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते कळत नाही. ऊन चढले की घारी वर फिरू लागतात. त्या विमानाजवळ आल्या तर आपण बाजूला व्हावे.

विमान नेहमी वाऱ्याला तोंड करून सोडावे आणि तसेच उतरवावे. काठीला बांधलेली फीत त्यासाठी पुरते. उतरताना नाक वर करून वेग मारण्यापेक्षा थ्रॉटल कमी करत उंची सोडावी, आणि जमीन कंबरेएवढी राहिली की एलिव्हेटर हळूहळू ओढत न्यावा. वाट चुकली तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरा मारावा. दहा वेळा परत फिरण्यात काहीही कमीपणा नाही, आणि बॅटरीत तेवढी शक्ती राहावी म्हणूनच उड्डाणाआधी सहा मिनिटांचा गजर लावून ठेवतात. भाताच्या कापलेल्या शेतात चाके रुततात, तिथे चाके काढून पोटावर उतरवणे बरे. सड्यावर चिऱ्याचे खडे असतात, तिथे मोठी चाके आणि पोटाला चिकटपट्टी लावावी. ज्या शेतांत वायंगण, म्हणजे हिवाळी भात, लागते ती शेते डिसेंबरनंतर मोकळी नसतात, हेही क्लबकडूनच कळते.

एकट्याने उडवणे आणि मोडलेले विमान

आमच्याकडे शिकवणाऱ्याला कळ सोडावी न लागता सलग तीन नीट उतरणी झाल्याशिवाय कोणालाही एकट्याने उडवू देत नाहीत, आणि त्यानंतरही काही महिने शेजारी एक माणूस उभा राहतो. तो हवेतली इतर विमाने, रस्त्याने येणारी माणसे आणि मैदानात शिरणारी गुरे पाहून मोठ्याने सांगतो. उडवणाऱ्याने नजर विमानावरच ठेवायची असते. हे काम नव्या सभासदाने स्वतःही मनापासून करावे. दुसऱ्यांच्या विमानांवर असे लक्ष ठेवून मी जे शिकलो ते माझ्या स्वतःच्या उड्डाणांतून शिकलो नसतो.

विमान पडेल, हे धरूनच चालावे. पडल्यावर आधी बॅटरी सोडवावी आणि ती दगडावर वेगळी ठेवून पंधरा मिनिटे फुगते का पाहावे. मग सगळे तुकडे, अगदी बोटाएवढे सुद्धा, पिशवीत भरावेत. फोमच्या तुटलेल्या कडा एकमेकींत नेमक्या बसतात आणि मधला तुकडा हरवला की पंख सरळ जुळत नाही. क्लबमध्ये कोणाच्या तरी पेटीत जादा पंखा, सर्वोचा दांडा, चिकटपट्टी निघतेच, आणि त्याहून मोलाचे म्हणजे का पडले हे चार जण मिळून त्याच जागी ठरवतात. ते कारण त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मैदान बंद असते. हे महिने टेबलाचे. बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणून कोरड्या डब्यात ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा मोजाव्यात. ट्रान्समीटर व सर्वो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत स्क्रू आणि बेअरिंग एका पावसात गंजतात. बाल्साचे पहिले विमान बांधायला हाच काळ बरा, फक्त दमट हवेत सायनोॲक्रिलेट गोंद अपेक्षेपेक्षा लवकर पकडतो, म्हणून तुकडे आधी कोरडे जुळवून मगच गोंद लावावा. प्लग आणि तारा डाखणे, मोटर बदलणे, ट्रिम म्हणजे काय ते समजून घेणे, हे सगळे कोणाच्या तरी घरच्या पडवीत बसून शिकता येते.

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात एखाद्या रविवारी सगळे सभासद कोयते आणि गवत कापायची यंत्रे घेऊन मैदानावर जमतात. नव्या माणसाने पहिल्यांदा जायचे असेल तर त्याच दिवशी जावे. त्या सकाळी कोणाचेही विमान हवेत नसते, सगळ्यांना बोलायला वेळ असतो, आणि दुपारी चहा होईपर्यंत तुम्हाला कोण शिकवणार हे बहुधा ठरलेले असते.